ग्रुपवर टाकलेला रजेचा मेसेज

गेल्या रविवारी तारोडीला गेले होते. घरी सांगितलं, रीनाचं बाळ बघायला जातेय... खरं कारण वेगळं होतं.

रीना आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. हाटकेश आणि भाईंदर पूर्व, दोन्ही दुकानं मिळून चौदा जणांचा स्टाफ. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी घेतलेल्या माणसाने दोनदा चुकीचे नंबर काढले. गिऱ्हाईकं मलाच विचारतात, "वो मॅडम कब आएगी?"

सव्वीस आठवडे पगारी रजा. कायदाच आहे, दिली. पण खरं सांगू... मला तिचा भयंकर हेवा वाटत होता.

माझी मुलगी झाली तेव्हा दुकान नवीन होतं, सांभाळायला आम्ही नवरा-बायको दोघंच. एक्केचाळिसाव्या दिवशी मी काउंटरवर उभी होते, दुधाने कुर्ता भिजलेला, वर ओढणी. लेक पहिल्यांदा पालथी पडली, हे मला सासूबाईंनी फोनवर सांगितलं. मालकिणीला कोण रजा देणार?

त्यात मध्यंतरी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. राज्याचा नियम बदललाय, वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांना सूट... मी लगेच दुकानाची कायद्याची कामं बघणाऱ्या आमच्या कन्सल्टंटना फोन लावला.

"ताई, ती सूट दुकान कायद्यातली," ते म्हणाले. "रजिस्ट्रेशन, किरकोळ रजा वगैरे. बाळंतपणाच्या रजेचा कायदा वेगळा. तिथे दहा माणसं झाली की लागू. तुम्हाला द्यावीच लागेल."

फोन ठेवला. आणि तरीही तो मेसेज मी स्टाफच्या ग्रुपवर टाकला... वर एक शब्द न लिहिता.

तर रविवारी रीनाच्या आईने दार उघडलं. "या मॅडम, बसा. झोपली न्हाय ती, बाळाला पाजतेय."

रीना बाहेर आली. केस मोकळे, गाऊन, चेहऱ्यावर भर दुपारची सुस्ती. बाळाला चटईवर ठेवलं तर ते आमच्यासमोरच पालथं पडलं आणि हात पोटाखाली अडकला म्हणून रडायला लागलं. रीनाने हसत हसत, सावकाश तो हात सोडवला... तिला कुठे जायचंच नव्हतं.

'आठवड्यातून तीन दिवस आलीस तर बरं होईल,' हे वाक्य मी रिक्षात पाठ करून आले होते. पण आधी तीच बोलली.

"मॅडम, मी पुढच्या सोमवारपासून येऊ का? आई सांभाळेल याला."

"का गं? अजून दोन महिने आहेत की तुझे."

तिने आईकडे बघितलं. "ग्रुपवर वाचलं ना... आता आपल्यासारख्या दुकानांना रजा द्यायची गरज नाही म्हणून. माझी जागा जाईल असं वाटलं. तीन रात्री झोप नाही मला."

मला हवं होतं तेच ती म्हणत होती. मी नुसतं 'ये' म्हणायचं होतं...

"रीना, तो नियम तुझ्या रजेला लागू नाही," मी म्हटलं. "आणि मला ते माहीत होतं. तरी मी टाकला तो मेसेज. चुकलं माझं."

तिने बाळाला उचलून मांडीवर घेतलं. तिच्या आईने चहा आणून ठेवला, तो तिघींनी प्यायला. निघताना रीनाने बाळाला माझ्याकडे दिलं... "घ्या ना मॅडम, तुमच्याकडे शांत राहील." खरंच राहिलं.

सोमवारी ग्रुपवर नीट लिहिलं: रीनाची रजा पूर्ण, आणि सगळ्यांच्या किरकोळ रजाही पूर्वीसारख्याच. नंबर काढायला मीरा रोडची एक मुलगी मिळालीये, हात चांगला आहे तिचा.

हेवा गेला का? नाही, खोटं कशाला बोलू. पण जे मला मिळालं नाही, ते दुसरीच्या हातून काढून घ्यायला मी निघाले होते... आणि तिने त्याच हातांत विश्वासाने बाळ ठेवलं. थँक यू, रीना.