सगुणाअक्कानं वाचलेलं चित्र

महादेवपुऱ्यात आमचं बांगड्यांचं दुकान. गल्ल्यावर बसते माझी थोरली जाऊ, सगुणाबाई. मी तिला अक्का म्हणते. गिऱ्हाईक बाईनं कुठला रंग मागितला यावरून तिच्या घरी लग्न आहे की बारसं, हे अक्का बिनचूक सांगायची. त्या गर्वानंच घात केला, स्पष्ट बोलते.

तिची एकुलती एक लेक रूपश्री होसकोट्याला दिलेली. जावई कारखान्यात, दिसायला गरीब गाय. पोरगी फोनवर काही सांगायला गेली की अक्का म्हणायची, "स्वल्प सोसावं गं, सगळ्यांच्याच घरी असतं." मग तिनं सांगणंच सोडलं.

श्रावणात माहेरी आली ती स्वतः काढलेलं चित्र घेऊन. भिंतीला टेकवून म्हणाली, "अम्मा, नीट बघ." हिरव्या साडीतली बाई, हातभर हिरवा चुडा, मुठीत फोडलेलं डाळिंब, ओठ लाल. काळ्या मातीतून वर आलेला पुरुष तिचं मनगट धरून. मागं वाळलेलं शेत, तिथं कुणी पाठमोरी बाई.

"अगंबाई! हिरवा चुडा, ओटीचं फळ, नवऱ्यानं हात धरलाय. गोड बातमी!" अक्का हरखलीच. पोरगी नाही नाही म्हणतेय, आणि ही लाजली समजून पेढे वाटत सुटली. मीही दोन खाल्ले, मेली मी! रविवारी रूपश्री परत गेली.

आठवड्यानं आमची भाडेकरू आसावरी किल्ली मागायला आली. पुण्याची पोर, व्हाइटफील्डला नोकरी. चित्र बघून थबकलीच.

"काकू, ही ग्रीक पुराणातली पर्सेफोनी ना? पाताळाच्या राजानं पळवलेली. तिथलं डाळिंब खाल्लं म्हणून पुरती सुटतच नाही बिचारी. हा काळा रंग पाताळाचा. आणि त्याची बोटं बघा, मनगटात रुतलीत. बांगड्या पिचल्यात. ओठावर रस नाहीये हा, ओठ फुटलाय."

"आणि तिची आई?" अक्कानं विचारलं.

"कथेत आई मशाल घेऊन जगभर शोधते. तिच्या दुःखानं शेतं वाळतात. इथं मात्र..." आसावरीनं मागच्या शेतावर बोट ठेवलं. पाठमोऱ्या बाईच्या अंगावर अक्काचं जांभळं इरकल होतं. मी ओळखलं. अक्कानंही ओळखलं.

तशाच रिक्षा करून आम्ही होसकोट्याला गेलो. सासूनं दार उघडलं. "रूपश्री? परवाच निघाली की, तुमच्याकडे जाते म्हणून!"

तिचा फोन बंद. देवा रे! मैत्रिणी, नातेवाईक, दवाखाने, सगळं पालथं घातलं. आज नववा दिवस. अक्का जेवत नाही, झोपत नाही, दिसेल त्या पोरीच्या मागं धावते.

काल पोलीस ठाण्यात साहेबानं विचारलं, "मुलीनं त्रासाबद्दल तुम्हाला कधी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," अक्का म्हणाली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी तिला होसकोट्याच्या बसमध्ये बसवून दिलं."