हात पुसणारे

त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केले, "काय व्यवसाय तुमचा?" असे हसत विचारले, आणि माझे उत्तर ऐकताच मेजावरचा कागदी रुमाल उचलून हात पुसला. एकेक बोट. अंगठा शेवटी. हसू तसेच ठेवून.

मी म्हटले होते, "मैलाटाक्या उपसण्याचा."

"मॅडम, नाव जरा गोड ठेवा ना. सॅनिटेशन सोल्युशन्स वगैरे. लोक खातायत इथं."

हे गृहस्थ वसईतल्या एका व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. नारळाच्या वाडीत थाटलेल्या एका रिसॉर्टमध्ये मंडळाचे स्नेहमीलन होते. मी पाहुणी. एखाद्या सभासदाने शिफारस केली, तर त्याच संध्याकाळी मीही सभासद होणार होते. मला ते हवे होते. माझ्याकडे टाकी उपसणारी एक गाडी आहे, तिच्यावर राबणारी दोन माणसे आहेत, आणि ज्यांच्या इमारतींखाली टाक्या आहेत ते सगळे त्या हिरवळीवर उभे होते.

पूर्वी मी प्राथमिक शाळेत शिकवीत असे. तयारी केल्याखेरीज वर्गात पाऊल टाकायचे नाही, ही सवय अजून आहे. म्हणून मंडळाने नवख्यांना पाठवलेल्या सूचना मी पाठ केल्या होत्या. पेला डाव्या हातात धरावा, म्हणजे उजवा कोरडा राहतो. आधी समोरच्याच्या कामाविषयी विचारावे. पहिल्या भेटीत नकार देऊ नये. सूचना वाईट नाहीत. मी त्या पाळल्याही. माझा उजवा हात कोरडाच होता.

रुमाल चुरगाळून टाकल्यावर अध्यक्षांनी मला एका बिल्डरसमोर नेले. निळा कोट. फुलपाड्यात त्यांच्या काही इमारती आहेत.

"आडनाव काय?" त्यांनी विचारले.

मी सांगितले.

"अच्छा."

त्या एका शब्दात त्यांनी माझे सगळे घराणे वाचून टाकले.

"काम आहे," ते म्हणाले. "पण गाडी नको. मागची टाकी गल्लीच्या आत आहे, पाइप पोचत नाही. दोन माणसं उतरवा, बादलीनं काढतील."

"पाइप जोडून लांब करता येतो. माणूस मी उतरवत नाही. आत वायू असतो. कायद्यानंही बंदी आहे."

"अहो, कोण बघतंय? तुमच्या लोकांना सवय असते."

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "मॅडम, पहिल्याच भेटीत नाही म्हणायचं नसतं. संबंध असे जोडत नाहीत. तुमची शिफारस हे शेटच करणार आहेत."

सवय.

माझे वडील टाकीत उतरत, तेव्हा कमरेला दोर बांधत आणि त्याचे दुसरे टोक माझ्या हातात देत. मी चौथीत होते. "दोर ढिला पडला न् मी बोललो नाय, तर वरड," ते सांगत. "लाजू नको." बंगल्यातली माणसे खिडक्या लावून घेत. मी दोरावरची नजर काढत नसे. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई मला एकटीला खिडकीशी बसवीत. "हवा लागेल हो तुला," म्हणत. हसत म्हणत. तेच हसू इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर होते.

वडिलांना सवय कधीच झाली नाही. घरी येऊन ते ताटापुढे नुसते बसून राहत.

मला किळस आली. आजवर माझीच किळस केली गेली होती. आता ती मला आली. काडीने पनीर उचलणारी बिल्डरची ती बोटे, आणि तोंड चालवत चालवत माणसाला मैल्यात उतरवण्याचा तो सहज सूर.

पाहुण्यांनी माइकवर स्वतःची ओळख करून द्यायची होती. माझी पाळी आली.

"मी मैलाटाक्या उपसते. गाडीनं. माझ्याकडून माणूस आत उतरणार नाही. आत्ताच, इथं, मला दोन माणसं उतरवायला सांगितलं गेलं. ज्यांनी सांगितलं त्यांनी हात वर करावा."

वर्गात विचारावे तसे विचारले. आणि निळ्या कोटाकडे पाहत थांबले.

एकही हात वर गेला नाही. कोणीतरी हसले. अध्यक्षांनी माइक घेतला. "मॅडम जरा भावुक झाल्या. स्टार्टर गरम आहेत, घ्या सगळ्यांनी."

फाटकापाशी एक सभासद मागोमाग आले. सांडोरला त्यांची रोपवाटिका. आधी मागे वळून पाहिले, मग हलक्या आवाजात म्हणाले, "बरोबर बोललात. मी तुमच्याच बाजूनं आहे. पण तिथं कसं बोलणार? शेटकडून ऑर्डरी येतात ना."

यांनी हात पुसला नव्हता. पुढेच केला नव्हता. यांची किळस मला थोडी अधिकच आली.

सभासदत्व मिळाले नाही. फुलपाड्याचे कामही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या इमारतींत गेले. टाक्या कुठे आहेत ते पाहिले. वॉचमनांना आणि तळमजल्यावरच्या बायकांना माझा नंबर दिला, आणि सांगितले: झाकण उघडायला कोणी माणसे आणली, तर आधी मला फोन करा.

याला कोणाची शिफारस लागत नाही. फोन आला की मी पोलिसांना कळवीन आणि निघेन. या वेळी दोर धरायला नाही. मी झाकणावर उभी राहणार आहे.