एका मिनिटाची पंगत

पहिल्याच दिवशी खोलीची किल्ली घ्यायला आलेल्या अश्विनीने माझ्या टेबलामागचा क्रूस पाहिला आणि रजिस्टरात सही करता करता विचारलं, "मॅडम, तुमच्यात देवाला निवद दावत्यात का?"

मी नाही म्हटलं. "मग त्यो जेवतो कवा?" एवढं विचारून ती ट्रंक उचलून गेली. नगरच्या या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. त्या क्रूसाकडे बघून न बघितल्यासारखं करणारे मी पुष्कळ पाहिले होते. देवाच्या जेवणाची काळजी करणारी मात्र ही पहिलीच.

'तुमच्यात' या शब्दाने सुरू झालेला प्रश्न आपल्याकडे सहसा सरळ नसतो. जात काढायची ती पहिली पायरी असते. त्यामुळे सुरुवातीला मुली तिच्यावर फणकारायच्या. पण हिच्या मनात काळंबेरं नव्हतं. आईबाप जामखेडकडचे, वर्षातले सहा महिने ऊसतोडीला. दर हंगामात नवा कारखाना, पाचटाच्या कोपीला नवे शेजारी. ती म्हणायची, "शेजार बदलला की रीत बदलती. इचारल्याबिगर कळंल कसं?"

दुसऱ्या वर्षी तिने गच्चीवर गुरुवारची बैठक सुरू केली. एकीने दुसरीला तिच्या धर्माबद्दल मनातलं विचारायचं, आणि उत्तर मिळाल्यावर वाद घालायचा नाही, एवढाच नियम. पहिल्या गुरुवारी चौघी होत्या, दिवाळीपर्यंत गच्ची पुरेना. मीही कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची. देखरेखीसाठी, असं सांगायची. खरं तर मलाही उत्तरं ऐकायची असायची.

मग सुरक्षेचं कारण काढून गच्चीला कुलूप लागलं. मेसशेजारची खोली रिकामीच होती. ती मिळाली तर बैठक चालली असती, शिवाय रमजानमध्ये बैठकीतल्या निलोफरला आणि तिच्या मैत्रिणींना दोन कॉटांच्या फटीत नमाज पढावी लागली नसती. अश्विनी प्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, सगळ्या धर्मांच्या मुली एका पंगतीत जेवताना मला दाखवा, खोली तुमची.

सोपं वाटलं, पण नव्हतं. रमजान चालू होता. निलोफर सूर्य मावळेपर्यंत खाणार नाही. आणि पायल जैन. तिचा नियम असा की सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. अश्विनी दोन दिवस कागदावर वेळा मांडत बसली आणि नाचतच माझ्याकडे आली. पायलचा शेवटचा घास आणि निलोफरचा पहिला घास बरोबर एकाच मिनिटाला घ्यायचा, असा तिचा हिशेब होता. रसायनशास्त्रात एवढं डोकं चालवलं असतं तर पहिली आली असती.

ठरल्या दिवशी ताटं मांडली. प्राचार्य मोबाईल सरसावून उभे. घड्याळातलं ते मिनिट आलं तरी अजान होईना, आणि अजानेशिवाय निलोफर खजूर तोंडात घालेना. पायलचा हात ताटाकडे गेला. अश्विनी तिला हळूच म्हणाली, "थांब की जरा, संगंच खाऊ." पायलचा हात ताटावरच थांबला. बाहेर अंधारून आलं, अजान झाली, सगळ्यांनी घास घेतला. पायलनेही घेतला. फोटो छान आला. दुसऱ्या सकाळी तो नोटीस बोर्डावर लागला आणि खोलीची किल्ली अश्विनीच्या हातात पडली.

त्या दिवशी पायल मेसमध्ये आलीच नाही. अश्विनी ताट घेऊन तिच्या खोलीवर गेली, तेव्हा कळलं की नियम मोडला म्हणून तिने उपास धरलाय. अश्विनी तशीच माझ्याकडे आली. "मॅडम, मी तिच्या धर्माला इचारलं, निलोफरच्या धर्माला इचारलं. पायलला, तुला चालंल का, हे न्हाई इचारलं."

आणि ती तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग. "सर, त्या फोटुत एक घास जबरदस्तीचा हाय. फोटु काढून घ्या," म्हणाली आणि किल्ली टेबलावर ठेवली. पायलचं नाव तिने घेतलं नाही. प्राचार्यांचा चेहरा पडला. फोटो उतरला, खोलीही गेली. निलोफर पुन्हा दोन कॉटांमध्ये नमाज पढू लागली, आणि बैठक मागच्या कडुनिंबाखाली भरू लागली. पायल तिथे यायची. तिथे तिला पहिल्यांदा बोलताना ऐकलं.

शेवटची परीक्षा झाली तशी अश्विनी निरोप घ्यायला आली. पाया पडली, आणि नेहमीच्याच कुतूहलाने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी ताटावर तुमी पायलकडं बघत हुता. तिचा हात थांबलेला तुमाला दिसला हुता. मग बोलला का न्हाई?"

मला दिसला होता. मी म्हटलं, "साहेब होते ना गं समोर."

शरमेने मला तिच्याकडे बघवेना. ती रागावेल असं वाटलं. ती नुसती मान हलवून म्हणाली, "व्हय. मला बी खोली पायजे हुती," आणि ट्रंक उचलून जामखेडच्या एसटीकडे निघाली.