अण्णा मान हलवेपर्यंत

अण्णा गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. अण्णा माझे थोरले दीर. लंडनजवळच्या हाउन्सलोमध्ये एकाच घरात आम्ही इतकी वर्षं काढली, पण दीड महिना झाला, डोळ्यांपुढे येतो तो त्यांचा पांढराफटक पडलेला चेहरा… तोही फोर्कलिफ्टवरचा.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघंही एअरपोर्टजवळच्या एका वेअरहाउसमध्ये होतो; ते माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीवर, मी पॅकिंगला. मी चाळिशीला टेकलेली, दोन पोरांची आई, पण अण्णा समोर आले की नव्या नवरीसारखी मान खाली. त्यात थंडी म्हणून ओव्हरऑलवर डोक्यावरून शाल, म्हणजे आजूबाजूचंही दिसू नये याची पक्की सोय. अशी मी शहाणी! एका सकाळी कँटीनकडे मधल्या वाटेने निघाले, तर समोर अण्णांची फोर्कलिफ्ट. मोठ्यांना वाट द्यावी म्हणून मी अदबीने भिंतीला चिकटून उभी राहिले, नजर जमिनीवर. ते यंत्र मागच्या चाकांवर वळतं, वळताना त्याचा मागचा जड भाग झपकन बाहेर फिरतो, हे मला कुठे ठाऊक? अण्णांना वाटलं, मी पुढे निघून गेले असेन. मला वाटलं, अण्णा बघून घेतील. ते वळले… आणि ते पिवळं लोखंड थेट माझ्या पोटाकडे आलं. ऐनवेळी अण्णांची नजर मागे गेली, त्यांनी करकचून ब्रेक दाबला. लोखंड थांबलं तेव्हा माझ्या शालीचं टोक त्यात आणि भिंतीत चिमटलं होतं.

अण्णा खाली उतरले. बोलले ते अगदी हळू.

"शैला, घरात काय मान खाली घालायची ती घाल. इथे माझ्या डोळ्यांत बघायचं. मी मान हलवली तरच पाऊल टाकायचं. तुझ्या पोरांना मी काय सांगितलं असतं?"

मी बघायला शिकले. भीती मात्र गेली नाही, आणि त्यांची तर नाहीच. रिटायर झाल्यावरसुद्धा घरातल्या अरुंद पॅसेजमध्ये चहाचा कप हातात धरून ते थबकायचे, मी वर बघेपर्यंत. मग मान हलवायचे, मी पुढे जायचे. पाहुणे हसायचे, आम्ही दोघं कधी हसलो नाही.

आता त्या पॅसेजच्या तोंडाशी माझे पाय आपोआप थांबतात. परवा नात मागून कंटाळून म्हणाली, "आजी, जा ना… कोणीच नाही येत."

ते मलाही दिसत होतं. पाऊल उचलेना, ते त्यामुळेच.