अजमलचा खांदा आणि गाडीचं स्टेअरिंग

टँकरवाला अजमल म्हटलं की महाडात कुणीही घर दाखवील. त्याच्या आडनावाची चौकशी कुणी कधी केली नाही. माणूस मूळचा जवळच्याच तुडील गावचा. मिशी फुटली न फुटली तोच आखातात गेला आणि केस पिकेपर्यंत तिथल्या वाळवंटात पाण्याचा टँकर चालवत राहिला. तिकडचा रस्ता म्हणे फुटपट्टीनं आखलेला. वळण नाही, म्हैस नाही, रस्त्याच्या मधोमध उभं राहून लग्नाच्या गप्पा मारणारी माणसं नाहीत. अजमल सांगायचा, "स्टेअरिंगवर हात नुसता ठेवायचा, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा."

एकदा टँकरच्या शिडीवरून पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. तिथल्याच दवाखान्यात तो बसवला. चांगला बसवला, तक्रार नव्हती. पण तिकडं पाऊस कुठला? त्या खांद्याची खरी खोड कळली ती अजमल महाडात परतल्यावर, पहिल्या पावसाळ्यात. हवा ओली झाली की खांदा आतून कुरतडायला लागायचा. हे दुखणं त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला, बेगमला, तेवढं न सांगताच कळलं. तिनं तेल गरम करायला घेतलं.

घरी बसून खाणारा हा माणूस नव्हे. त्यानं पनवेलहून जुनी आठ सीटांची डिझेल गाडी आणली आणि सकाळी महाडहून पोलादपूरला नोकरदार माणसं न्यायला लागला, संध्याकाळी परत आणायला. कुणी बँकेतलं, कुणी पंचायतीतलं. पुढच्या सीटवर त्याची लेक माहरुख, पोलादपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. मागं जानकीबाई, तिथल्याच शाळेत खिचडी शिजवायला जायच्या. तोंडानं फटकळ, पण डब्यातली भाकरी सगळ्यांना वाटून खाणाऱ्या.

गाडीत अजमलचा एकच कायदा. त्याच्या सीटवर दुसरं कुणी बसायचं नाही. माहरुखनं मोटार स्कूलमध्ये शिकून लायसन काढलं होतं, पण बापाच्या गाडीच्या स्टेअरिंगच्या चाकाला तिचा हात कधी लागला नव्हता. गॅरेजवाल्या राजेंद्रला गाडी पुढंमागं करायची असली तरी अजमल म्हणायचा, "तू सांग रे, मी करतो." बायका आपल्या चुलीपाशी दुसरीला उभी करत नाहीत, त्यातलाच प्रकार.

ही खोड त्याला महागात पडली, ती अशी.

श्रावणाच्या तोंडाशी एका सकाळी पोलादपूरच्या वाटेवर, वळण घेताना, स्टेअरिंग जड झालं. कुणी खालून चाक धरून ठेवावं तसं. पुढून कण्हल्यासारखा आवाज आला. अजमलनं दोन्ही हातांनी ओढून गाडी वळवली, आणि थोडं पुढं गेल्यावर चाक पुन्हा लोण्यासारखं.

"अजमलभाय, गाडी कण्हते का काय?" जानकीबाईंनी मागून विचारलं.

"म्हातारी झाली."

"गाडी का तुमी?"

सगळी गाडी हसली. अजमलही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात जाऊन बसलं.

दुपारी तो गाडी घेऊन राजेंद्रकडं गेला. राजेंद्रनं बोनेट उघडलं, स्टेअरिंगचं तेल बघितलं, थोडं कमी होतं ते भरलं, पट्टा दाबून बघितला, अजमलला चाक इकडंतिकडं फिरवायला लावलं. चाक एका बोटानं फिरत होतं.

"काका, गाडी ठणठणीत हाय."

"सकाळी जड होती रे."

"आता नाय ना?"

दुखरा दात डॉक्टरच्या दारात गप्प बसतो, तशातली गत. पुढं आठवडाभर काही नाही. मग पुन्हा एका सकाळी तेच, आणि दुपारी गॅरेजात पुन्हा सगळं ठीक. राजेंद्रनं पट्टा बदलला. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. राजेंद्र मुलगा भला. पण एकदा अजमलच्या हाताकडं जरा जास्त वेळ बघितलं त्यानं. अजमलनं ते बघणं बघितलं.

मग अजमलच्या डोक्यात किडा शिरला. ज्या सकाळी चाक जड होतं, त्याच सकाळी खांदाही दुखत असतो. एकदा नाही, दरवेळी. राजेंद्रला गाडीत काही सापडत नाही. मग जड काय झालंय? चाक, की हात?

माणसाला गाडीचा दोष परवडतो. गाडी गॅरेजात नेता येते. अजमल विहिरीवर जाऊन भरलेली बादली उजव्या हातानं ओढून बघायचा, दिवाणाखालची पेटी उचलून बघायचा. कोरड्या दिवशी सगळं उचललं जायचं; पावसाच्या दिवशी तो बादलीला हातच लावायचा नाही. त्यानं मनाशी ठरवून टाकलं, दोष हातात निघाला तर चावी ठेवून द्यायची. गाडीभर माणसं आपल्या हातावर विसंबून मागं डुलक्या घेतात. त्यांना फसवायचं नाही. पण हे ठरवणं सोपं आणि खात्री करून घेणं अवघड. म्हणून तो खात्री करायचं टाळत राहिला. आपण सगळेच टाळतो, त्याला एकट्याला काय बोलायचं!

हे टाळणं एका सकाळी वळणावर संपलं. समोरून एसटी आली, चाक ऐन वेळी अडकलं, आणि एसटीच्या अंगाला घासता घासता वाचून गाडी निघाली. मागच्यांना वाटलं ड्रायव्हर धीट आहे. माहरुख मात्र पांढरीफटक पडली होती.

घरी आल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. "अब्बा, बस झालं आता. खांद्याचा फोटो काढू, डॉक्टरांना दाखवू. आणि गाडी विकून टाका."

"गाडीत दोष हाय."

"राजेंद्रदादा म्हणतो नाय."

"राजेंद्र सकाळी कुठं असतो गाडीत?"

"मी असते ना! मला दिसतं तुम्ही कसं ओढता ते." तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय झालं तर, आणि तुमच्या हातानं त्या जानकीबाईंना काय झालं तर?"

बेगम तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघं भांडताय कशाला? तिला बसव की चाकावर एक दिवस. तिचा खांदा तर नाय ना मोडलेला."

एवढी साधी गोष्ट. पण इतके दिवस ती ना अजमलला सुचली ना राजेंद्रला, कारण त्या सीटवर दुसरं माणूस बसू शकतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. लेकीच्या हातात चाक हलकं फिरलं, तर मग पळायला जागाच उरणार नव्हती. शेवटी अजमल म्हणाला, "पुढच्या खेपेला पाऊस लागला की तू चालव. गाडी रिकामी नेऊ."

पाऊस लागायला काय उशीर! दोन दिवसांत सावित्री नदीनं अंग फुगवलं, पुराचा भोंगा वाजला. महाडात एकवीस सालच्या महापुरानंतर एक रीतच पडली आहे. नदीचं पाणी चढतंय म्हणून कळलं की माणसं आधी गाड्या उंचावर नेऊन ठेवतात, मग घरातलं सामान माळ्यावर चढवतात. हायवेपलीकडच्या टेकडीच्या चढणीवर गाड्यांची रांग लागते, सगळ्यांची तोंडं वर, मागच्या चाकांना दगड. नवरदेवाच्या पाठोपाठ वऱ्हाड उभं राहावं तशी. अजमलची गाडीही दर खेपेला तिथं जायची, तशी याही खेपेला गेली. पाणी गावात आलं नाही. ते बहुतेक वेळा येत नाही, पण म्हणून गाडी खाली ठेवायची छाती कुणाला नाही.

सकाळी अजमलनं सगळ्यांना फोन करून सांगितलं, आज एसटीनं जा. मग बापलेक चढण चढून गाडीपाशी गेले. खांदा ठणकत होता. त्यानं चावी पुढं केली. माहरुखनं ती लगेच घेतली नाही.

"बस गो," तो म्हणाला. "चावत नाय."

ती बसली. गाडी सुरू केली. थोडी मागं घेऊन, खाली तोंड करायला तिनं चाक फिरवायला घेतलं. चाक अर्ध्यात थांबलं. पुढून कण्हल्याचा आवाज आला. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, मग सीटवरून अर्धी उठून ओढलं.

"अब्बा! फिरत नाय हे!"

"काय म्हणतेस?"

"फिरत नाय! जड हाय, दगडासारखं!"

अजमल हसायला लागला. पावसात उभा राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. लेक घामाघूम होऊन चाकाशी झुंजतेय आणि बाप हसतोय, बघणाऱ्याला वाटलं असतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग एकदम भानावर येऊन ओरडला, "हँडब्रेक ओढ! इंजिन बंद नको करू!" आणि राजेंद्रला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता वर ये. दात दुखतोय तोवर ये."

राजेंद्र मोटारसायकलवरून रेनकोट फडफडवत आला. बोनेट उघडून स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं आणि नुसता बघत राहिला. आत तेल कुठं होतं? घुसळलेल्या ताकासारखा फेस होता.

"हवा शिरलीय तेलात," तो म्हणाला. डबीतून निघणारा रबरी पाइप त्यानं बोटानं दाबला. पाइप वाळून कडक झालेला, त्यावरची क्लिप सैल. तिथं तेलाचा ओलावा होता. राजेंद्रनं गाडीकडं बघितलं, मग चढणीकडं, मग रांगेतल्या बाकी गाड्यांकडं.

"काका, गाडी रात्री इथंच असते? तोंड वर करून?"

"पाणी चढलं की इथंच. सगळ्यांच्याच असतात."

"मग झालं! सपाटीवर हा जोड तेलाखाली असतो. चढावर तेल मागं सरकतं, जोड उघडा पडतो, हवा आत जाते. सकाळी स्टेअरिंगचा पंप तेलाऐवजी फेस ओढतो, म्हणून चाक जड. पोलादपूरला जाईस्तोवर फेस विरतो. मला तुम्ही दुपारी गाडी दाखवता, मला काय घंटा दिसणार!"

अजमलनं खांदा चोळला. आता सगळं त्याच्या ध्यानात आलं. पाऊस लागला की गाडी चढावर, आणि पाऊस लागला की खांद्यात कळ. दोन दुखणी, दोन्हींना आणणारा पाऊस एकच. एकाच सकाळी येत होती म्हणून त्यानं त्यांची गाठ मारली होती.

राजेंद्रनं नवा पाइप घातला, घट्ट क्लिप बसवली, तेल बदलून चाक इकडून तिकडं फिरवत हवा काढली. माहरुख दिवसभर बापाशी जरा नरम बोलत होती. बेगमनं विचारलं, "मग? कुणाचा दोष निघाला?" अजमल छाती काढून म्हणाला, "गाडीचा!"

मग पुन्हा पाणी चढलं. गाडी पुन्हा रात्रभर चढणीवर राहिली. सकाळी अजमलनं सुरू केली आणि चाक फिरवलं. हलकं. आवाज नाही, काही नाही. त्यानं सगळ्यांना घेतलं आणि निघाला. मागं जानकीबाई कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होत्या. पोलादपूरच्या अलीकडच्या वळणावर त्यानं चाक ओढलं, आणि खांद्यातून कळ गेली ती पार बोटांपर्यंत. हात क्षणभर ढिला पडला. गाडी जरा लांबून वळली. समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून कुणाला कळलंही नाही. माहरुख मोबाइलमध्ये बघत होती.

चाक हलकं होतं. आता बोट दाखवायला गाडी उरली नव्हती.

पोलादपूरला सगळे उतरले. माहरुख दार लावून निघाली तेव्हा अजमलनं हाक मारली. "ऐक गो. आज मी इथंच थांबतो. संध्याकाळी येताना तू चालव."

ती मागं वळली. "परत काय झालं गाडीला?"

"गाडीला काय नाय झालं," तो म्हणाला, आणि चावी तिच्या हातावर ठेवली.

आता पावसाच्या दिवसांत माहरुख चालवते, कोरड्या दिवसांत अजमल. ती चालवते तेव्हा तो शेजारी बसून उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत असतो, दर वळणाला.