यमुनेचा डावा हात

अकोल्याच्या शोकसभेत एका सद्गृहस्थांनी यमुनेला ‘शांत, सोशिक आणि आज्ञाधारक शिक्षिका’ म्हटलं, तेव्हा मी उठून बाहेर आले. यमुना विषमज्वराने गेली, त्याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं, पण खोटं कशाला बोलायचं? सोशिक म्हणे! अख्ख्या वऱ्हाडात तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही, आणि तिने सर्वांत मोठी आज्ञा मोडली तेव्हा मी तिथे हजर होते.

आमची ओळख अमरावतीच्या मुलींच्या शाळेत, इंग्रजी तिसरीत झाली. तिच्या वडिलांचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. वांगी-मेथीच्या गाडीवर बसून ती बाजारापर्यंत यायची आणि तिथून चालत शाळेत. यमुना डावखुरी. वर्गाच्या बाई तिचा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवायच्या आणि ती उजव्या हाताने कशीबशी अक्षरं काढायची. एकदा इंग्रजीच्या तासाला ‘राइट’ हा शब्द आला. म्हातारे मास्तर अर्थ सांगू लागले... उजवा, बरोबर, सरळ, न्याय्य, हक्क. यमुना उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, इतकं सारं एकाच हाताले देल्लं, मंग दुसऱ्यानं काय पाप केलं?” वर्ग हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा जाडजूड कोश आणून तिच्यापुढे ठेवला.

त्या कोशाने तिला झपाटलं. त्या शब्दाचा मुळातला अर्थ नुसता ‘सरळ’ असा होता, हाताशी त्याची गाठ नंतर पडली. आपला ‘ऋजु’ त्याचा लांबचा भाऊ लागतो आणि आपला ‘उजवा’ही त्या ऋजूच्याच घरचा, हे मास्तरांनी तिला समजावून दिलं. रोमन लोकांचा राजासाठीचा शब्दही त्याच कुळातला निघाला. मग तिने डाव्या हाताचा इंग्रजी शब्द काढला, तर त्याचा जुना अर्थ होता दुबळा, निकामी. “म्हंजे सायबाच्या देशातही आमचे हालच हायेत, सुमे,” असं म्हणून ती इतकी हसली की ग्रंथपालांनी आम्हाला वाचनालयाबाहेर काढलं. आपण कुणाला बाजूला सारलं की ‘डावललं’ म्हणतो, त्याचाही तिला भयंकर राग होता.

पुढे आम्ही दोघी अकोल्यात एकाच शाळेत लागलो. मी आधी लागले म्हणून कायम झाले होते, तिचं अजून व्हायचं होतं. नोकरी कायम झाली तर घरात लग्नाचा विषय पुन्हा काढणार नाही, असं वडिलांनी तिला कबूल केलं होतं. त्यामुळे तिचं सारं तपासनीसांच्या त्या वर्षीच्या तपासणीवर होतं. तेवढ्या दिवसापुरतं फळ्यावर उजव्या हाताने लिहायचं, अशी मुख्याध्यापिकांची सक्त ताकीद होती. आदल्या दिवशी मीही तिच्या हातापाया पडले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्हटलं. ती मटार सोलत राहिली.

तपासनीस आले. यमुनेने नेमका तोच शब्द शिकवायला घेतला आणि त्याचे सारे अर्थ डाव्या हाताने, दोरी धरल्यासारख्या एका सरळ ओळीत, फळ्यावर लिहिले. तपासनीसांनी तिला खडू उजव्या हातात घ्यायला सांगितलं. तिने घेतला आणि त्याच अर्थांची दुसरी ओळ लिहिली. ती ओळ घसरत घसरत पार फळ्याच्या कडेला गेली. मग ती वळली.

“साहेब, या शब्दाचा पहिला अर्थ सरळ. यातली सरळ ओळ कोणत्या हाताची हाये, ते तुमीच सांगा.”

तपासनीस जे लिहायचं ते शेऱ्यात लिहून गेले. यमुना कायम झाली नाही. महिन्याभरात तिची दर्यापूरच्या लहानशा शाळेत तात्पुरती रवानगी झाली. जाताना म्हणाली, “मले पस्तावा नाई.” वडिलांनी स्थळं आणली, तिने ती एकामागून एक परतवली, आणि अखेरपर्यंत तात्पुरतीच राहून शिकवलं.

आणि मी? पुढच्याच पावसाळ्यात मुख्याध्यापिकांच्या सांगण्यावरून मी माझ्या वर्गातल्या एका चिमुरडीचा हात रिबिनीने बांधला. मनाला लागून राहिलं म्हणून यमुनेला पत्रात कळवलं. उलट टपाली एक ओळ आली: ‘आधी तिचा हात सोड, मग मला लिही.’ मी सोडला... पण पत्र येऊनही दोन दिवस लावले. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तिच्या भावाबरोबर तिची ट्रंक आणायला दर्यापूरला गेले होते. वर्गात लांब बाकं, एकेका बाकावर चार-चार मुली. पहिल्या तीन बाकांवर डाव्या टोकाची मुलगी डाव्या हाताने लिहीत होती. शेजारणीला कोपर लागू नये म्हणून यमुनेने त्यांना तशा बसवल्या होत्या. नव्या बाई मुलींना उंचीप्रमाणे बसवू पाहत होत्या. पहिल्या बाकाच्या त्या टोकावरच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला त्यांनी मधे सरकायला सांगितलं. पोरीने पाटी छातीशी धरली.

“हे जागा आमच्या बाईनं देल्ली मले. मी नाई उठत.”

मी चार शब्द समजुतीचे सांगेन या आशेने नव्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन त्या पोरीशेजारी बसले. माझ्यासाठीही ती तसूभर सरकली नाही, उरलेल्या जागेत मलाच अंग चोरून मावावं लागलं.