अक्कांचं सूप

अक्कांना रिकामं भांडं परत आलेलं खपत नसे. शेजारणीनं वाटीभर ताक नेलं, तर वाटी परत करताना तिनं त्यात निदान चार शेंगा तरी घालायच्या. नाहीतर अक्का ती वाटी तिच्याच दारात ठेवून यायच्या, "भरल्यावर दे." नेकनूरजवळच्या त्यांच्या गावात याला कुणी भांडण म्हणत नसे, ती रीतच होती.

या रीतीशी गाठ पडली आमच्या प्रकल्पाची. परदेशी संशोधन संस्था, इथलं विद्यापीठ आणि एक बियाणं कंपनी, तिघांना मिळून दुष्काळात तगणारी ज्वारी काढायची होती. मी त्यांची दुभाषी. अक्कांनी घरची दगडी ज्वारी, म्हणजे जुनं गावरान बियाणं, सूपभर दिली, सुपासकट. म्हणाल्या, "न्या. पन सूप रिकामं आणू नगा."

काही वर्षांनी अक्कांच्या ज्वारीतून नवा वाण तयार झाला. प्रकल्पाच्या पाहुण्यांनी सूप परत आणलं खरं, पण त्यात होत्या कंपनीच्या टोप्या आणि एक प्रमाणपत्र. अक्कांनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. "आता टोप्या पेरायच्या व्हय?"

मग अंबाजोगाईला बैठक ठरली, परदेशी संस्थेच्या मॅडमही आल्या. वाणाचं बियाणं गावाला द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. अक्का एसटीनं आल्या, काखेत सूप. ते त्यांनी टेबलावर मधोमध ठेवलं. कंपनीचे साहेब समजावू लागले, "आजी, दुकानात मिळेल की."

"लेक माजी, अन् तिला बघायला म्या तिकीट काढू व्हय?"

साहेब माझ्या कानाशी लागले, "हे मॅडमना सांगू नका." का म्हणून? मला दुभाषी म्हणून नेमलं होतं, गाळणी म्हणून नाही. मी शब्दन् शब्द सांगितला, वर सुपाची रीतही सांगितली. मॅडम म्हणाल्या, गावाला बियाणं मिळाल्याशिवाय मी करारावर सही करणार नाही. साहेब काही हटेनात. अक्का सूप तिथंच सोडून उठल्या. "ऱ्हाऊ द्या. भरल्यावर आणा."

साहेबांना नमतं घ्यावं लागलं, पण त्यात फार काळ गेला आणि तोवर अक्का गेल्या. त्याचा राग मला अजून येतो.

शेवटी मॅडम स्वतः अक्कांच्या घरी आल्या. सूप आणि कापडी पिशवीत बियाणं. अक्कांच्या सुनेनं पिशवी सुपात ओतली. मग ती आत गेली, पिशवीत घरची दगडी ज्वारी भरून आणली आणि मॅडमच्या हातात दिली.

"पिशवी रिकामी कशी देऊ? सांगा त्यांना, आता पाळी त्यांची हाय."

मी सांगितलं, काही न गाळता.